शत्रू खोलीत असलेलाच बरा

डिसेंबर २०२२ मध्ये पोलंडमधल्या वुच शहरात ‘युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटने’च्या, म्हणजे ओएससीईच्या, परराष्ट्रमंत्र्यांची वार्षिक बैठक भरली. यजमान पोलंडने रशियाचे सर्गेई लावरोव्ह यांना देशात पाऊल ठेवू दिले नाही. पुढच्या वर्षी यजमानपद उत्तर मॅसेडोनियाकडे आले. त्या छोट्या देशाने लावरोव्हना येऊ दिले, तर युक्रेन, पोलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांचे परराष्ट्रमंत्री रुसून घरी बसले. २०२४ मध्ये माल्टाच्या बैठकीला लावरोव्ह आले आणि युक्रेनचे आंद्री सिबिहाही आले. सिबिहांनी भर बैठकीत लावरोव्हना युद्धगुन्हेगार म्हटले. त्यात काही खोटे होते असे मला वाटत नाही. पण बैठक पार पडली आणि वर्षभर रखडलेल्या चार वरिष्ठ पदांच्या नेमणुकाही झाल्या.

माझी सहानुभूती युक्रेनकडे आहे. दुसऱ्याच्या देशात रणगाडे घुसवणाऱ्याला न्याय्य बाजू असते यावर माझा विश्वास नाही. तरीही या तीन यजमानांत चूक पोलंडची झाली असे मी म्हणेन. पोलंडचा संताप समजण्यासारखा आहे, इतिहासाने त्याला तो हक्कच दिला आहे. पण सुरक्षा संघटना ज्या कामासाठी असते ते काम शत्रूला दाराबाहेर ठेवून होत नाही.

हे काम कोणते, याबद्दलच आपल्याकडे गैरसमज फार. कुठेही युद्ध पेटले की पहिला प्रश्न ठरलेला: संयुक्त राष्ट्रे काय झोपा काढतात? प्रश्नामागे अपेक्षा अशी, की या संघटनांनी युद्ध थांबवावे आणि ते थांबले नाही तर त्यांना टाळे लावावे. या मापाने मोजले तर कृष्णशिष्टाईही टाकाऊच ठरेल. बड्या सत्तांनी लढायचे ठरवलेच तर त्यांना रोखण्याइतकी ताकद कोणत्याही संघटनेला कधी मिळालेली नाही, आणि ती त्याच सत्तांनी मुद्दामच दिलेली नाही. संघटनेच्या हातात असते ते याहून बारीक काम. कुणालाही मान खाली न घालता माघार घेता यावी अशी वाट तयार ठेवायची आणि समोरचा काय करतोय याची अटकळ बांधत बसण्याऐवजी ते जाऊन बघता येईल अशी सोय करायची.

पहिल्या कामाचे उत्तम उदाहरण १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगात सापडते. सोव्हिएत संघाने क्युबात अण्वस्त्रे नेली आणि अमेरिकेने समुद्रातून नाकेबंदी केली, तो हा पेच. आपण तो केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांचा सामना म्हणून वाचतो. त्यात ब्रह्मदेशात एकेकाळी शाळेचे मुख्याध्यापक असलेले यू थांट कुठेतरी तळटिपेत असतात. ते तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस होते. २४ ऑक्टोबरला त्यांनी दोन्ही नेत्यांना एकसारखा निरोप धाडला: शस्त्रे घेऊन जाणारी जहाजे थांबवा, नाकेबंदीही थांबवा, दोन-तीन आठवडे बोला. केनेडींना नाकेबंदी उठवायची नव्हती. पण त्याच रात्री अमेरिकेनेच थांट यांना सुचवले की ख्रुश्चेव्हना आणखी एक विनंती करा, जहाजे तूर्त अमेरिकी नौदलापासून दूर ठेवायला सांगा. थांट यांनी ती केली आणि ख्रुश्चेव्हनी मानली. अमेरिकेच्या धमकीपुढे जहाजे थांबवणे म्हणजे नाक कापून घेणे होते. संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीला मान देणे मात्र जबाबदार महासत्तेला शोभणारे होते. जहाजे तीच, समुद्र तोच, फक्त विनंती करणारा बदलला. पेच सुटला तो याच एका कारणाने असे नाही. तुर्कस्तानातल्या अमेरिकी क्षेपणास्त्रांबद्दलचा गुपचूप सौदाही होता. पण सौदा पिकायला जे दिवस लागले ते मिळवून देण्यात थांट यांच्या निरोपांचा वाटा होता.

दुसरे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे मोल मला अधिक वाटते. ओएससीईचा जन्म ज्यातून झाला तो हेलसिंकी करार १ ऑगस्ट १९७५ चा. ३५ देशांनी त्यावर सह्या केल्या. तेव्हाही आक्षेप आजचाच होता: सोव्हिएत संघासोबत बसायचे म्हणजे त्याने दुसऱ्या महायुद्धानंतर बळकावलेल्या प्रदेशावर शिक्का मारायचा. अध्यक्ष फोर्ड यांनी हेलसिंकीला जाऊच नये असे अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांतून बजावले जात होते. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनाही वाटत होते की सीमांना मान्यता मिळाली, बाजी आपण मारली; मानवी हक्कांची कलमे काय, कागदावरच राहतील. पुढच्याच वर्षी मॉस्कोत युरी ऑर्लोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने हेलसिंकी गट काढला आणि आपल्याच सरकारला विचारायला सुरुवात केली की तुम्ही सही केलेले कलम पाळता का. ऑर्लोव्ह तुरुंगात गेले. पण त्या कलमांवर बोट ठेवणारे लोक प्रागमध्ये, वॉर्सामध्ये उभे राहत गेले. शत्रूला टेबलावर बसवले म्हणून त्याची प्रतिष्ठा वाढते, हे निम्मे खरे आहे. टेबलावर बसलेला सही करतो आणि मग ती सही त्याच्या मागे लागते, हे उरलेले निम्मे.

लष्करी बाजूने खरे यश आले ते आणखी दहा-अकरा वर्षांनी, स्टॉकहोममध्ये. १९८३ च्या नोव्हेंबरात नाटोचा ‘एबल आर्चर’ हा सराव म्हणजे खऱ्या अणुहल्ल्याची तयारी आहे, असा संशय मॉस्कोत काहींना आला होता. जग तेव्हा कड्याच्या किती जवळ गेले होते यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, पण सराव आणि हल्ला यांतला फरक दुरून कळत नाही हे सगळ्यांनाच कळून चुकले. १९८६ च्या स्टॉकहोम करारात नियम ठरला: १३,००० सैनिक किंवा ३०० रणगाडे यांच्यावरचा कोणताही सराव ४२ दिवस आधी कळवायचा. शंका आली तर समोरच्या देशाने तपासणी मागायची आणि ती नाकारता येणार नाही. सोव्हिएत संघाने आपल्या भूमीवर अशी तपासणी मान्य केली ही त्या काळी अचाट गोष्ट होती. १९८७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी अधिकारी खरेच मिन्स्कजवळचा सोव्हिएत सराव बघायला गेले. बर्लिनची भिंत अजून उभी होती आणि वैर तसेच होते. पण सोव्हिएत रणगाडे कुठे चाललेत याचा अंदाज बांधत रात्री जागवण्याची गरज थोडी कमी झाली.

अशा नियमांतून पळवाटाही निघतात, आणि त्या काढण्यात रशियाचा हात धरणारे कमीच. बेलारूससोबतच्या २०१७ च्या ‘झापाद’ सरावात सैनिक किती, तर रशियाचे अधिकृत उत्तर होते १२,७००. निरीक्षकांना रीतसर बोलावण्याची मर्यादा १३,००० ची. प्रत्यक्षात आकडा कितीतरी मोठा होता असे पाश्चात्त्य देशांचे म्हणणे होते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनने याच नियमावलीच्या सुधारित रूपाचा, व्हिएन्ना दस्तऐवजाचा, आधार घेऊन, सीमेवर हे एवढे सैन्य कशासाठी, असे रशियाला औपचारिकपणे विचारले. ठरलेल्या ४८ तासांत उत्तर आले नाही. मग कागदी घोडे नाचवून मिळाले काय? निदान एक गोष्ट मिळाली. ज्याला लपवायचे नसते तो उत्तर देतो. न आलेले उत्तर हीसुद्धा बातमी होती, आणि ज्यांनी ती वाचली ते २४ तारखेच्या पहाटे दचकले नाहीत.

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत बोलका वाटतो तो डोनबासमधला, म्हणजे रशियाच्या पाठिंब्यावरचे फुटीरतावादी लढत होते त्या पूर्व युक्रेनमधला, आठ वर्षांचा अनुभव. २१ मार्च २०१४ ला ओएससीईने युक्रेनमध्ये नि:शस्त्र निरीक्षक पाठवायचे ठरवले. रशियानेही संमती दिली, कारण संमतीशिवाय या संघटनेत पानही हलत नाही. पुढे स्थानिक कर्मचारी धरून मोहिमेतल्या माणसांची संख्या हजारावर गेली. दोन्ही सैन्ये समोरासमोर होती त्या सुमारे ४२० किलोमीटरच्या संपर्करेषेवर निरीक्षक रोज फिरत, स्फोट मोजत, रात्री कॅमेरे लावत, ड्रोन उडवत आणि दुसऱ्या दिवशी अहवाल छापत. एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या एका गाडीखाली सुरुंग फुटून पथकातला अमेरिकन पॅरामेडिक मारला गेला. या अहवालांची चेष्टा पुष्कळ झाली: गोळ्या मोजणारे कारकून, नुसते बघे.

या कारकुनांनी काय केले ते पाहण्यासाठी दोनेत्स्क जलशुद्धीकरण केंद्राकडे बघावे. हे केंद्र अगदी दोन्ही सैन्यांच्या मधोमध होते आणि रेषेच्या दोन्ही बाजूंच्या साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना तिथून पाणी जायचे. गोळीबारात जलवाहिनी फुटली की दुरुस्तीसाठी दोन्हीकडच्या कमांडरांची लेखी हमी लागे, ठरावीक तासांपुरती. ती मिळवायची निरीक्षकांनी. कामगारांची बस निघाली की तिच्या मार्गावर निरीक्षक उभे राहत. कधी हमी मोडली जाई, कामगार तळघरात पळत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन सुरू होत. राजधान्यांमधले नेते एकमेकांची तोंडे बघायला तयार नव्हते त्या काळात ही बोलणी चालू होती, पंपावर आणि पाइपवर. हिवाळ्यात उणे पंधरा अंशांवर पाणी थांबले की घरांमधल्या उबेची यंत्रणाही गोठते, म्हणजे इमारत राहण्यालायकच उरत नाही. हा संवाद कोणत्याही शिखर परिषदेपेक्षा कमी महत्त्वाचा होता असे मला म्हणवत नाही.

आणि तरीही मोहिमेत एक मोठी खोट होती. रशिया या युद्धातला पक्षच नाही, तो मध्यस्थ आहे, हे नाटक संघटनेने चालू दिले. डोनबासमधल्या शस्त्रसंधीसाठी मिन्स्कला झालेल्या २०१४ आणि २०१५ च्या कागदांवर रशियाची सही आहे, पण त्यांत रशियाने अमुक करावे असे त्याचे नाव घेऊन कुठेच म्हटलेले नाही. ज्या सीमेवरून शस्त्रे येत होती तिथे निरीक्षक ठेवायला रशियाने परवानगी दिली ती फक्त दोन चौक्यांवर, आणि तीही सप्टेंबर २०२१ मध्ये काढून घेतली. दोन्ही बाजूंचे अधिकारी एकत्र बसत असे एक समन्वय केंद्र होते, त्यातून रशियन अधिकारी २०१७ च्या डिसेंबरात उठून गेले. संघटनेने दरवेळी खेद नोंदवला. जो लढतो आहे त्याला पंचाच्या खुर्चीवर बसवले की निरीक्षकाची नजर आपोआप धूर बघते आणि आग लावणाऱ्याकडे वळत नाही. बहिष्कार घालणाऱ्यांचा जो राग आहे त्याचे मूळ इथे आहे आणि तो मला खोटा वाटत नाही. फरक एवढाच, की त्यावर उपाय रशियाला हाकलणे हा नसून त्याला ‘पक्ष’ म्हणून बसवणे हा आहे.

नाटोने नेमके उलटे करून पाहिले. नाटो-रशिया परिषद २००२ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली. २००८ मध्ये जॉर्जियात युद्ध झाले तेव्हा नाटोने बैठका थांबवल्या. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर सहकार्य गोठवले. २०२१ मध्ये नाटोने रशियाचे आठ प्रतिनिधी परत पाठवले, रशियाने कार्यालयच बंद केले. शेवटची बैठक १२ जानेवारी २०२२ ची. पाऊस नसताना उघडी आणि पाऊस आला की मिटलेली छत्री घेऊन कुणी काय करावे?

निरीक्षक मोहिमेचा शेवट रशियाने एका ‘नाही’ने केला. ओएससीईत ५७ देश आहेत आणि प्रत्येकाची संमती लागते, व्हॅटिकनचीसुद्धा. मार्च २०२२ च्या अखेरीस मुदतवाढीला रशियाने संमती दिली नाही, संपले. मोहिमेतल्या काही स्थानिक युक्रेनियन कर्मचाऱ्यांना रशियाच्या ताब्यातल्या भागात पकडून लांबलचक शिक्षा ठोठावल्या गेल्या. निरीक्षणाची किंमत इतकी मोजावी लागावी हे भयंकर आहे, आणि संघटना त्यांना सोडवू शकलेली नाही. त्याच एकमताच्या नियमामुळे २०२१ नंतर संघटनेचा वार्षिक अर्थसंकल्पही मंजूर झालेला नाही. सुमारे १३.८ कोटी युरोंच्या जुन्याच आकड्यावर ती महिना ढकलते.

म्हणून कुणी म्हणेल, नकाराधिकार नसलेली संघटना उभारा. तशी संघटना म्हणजे मित्रांचा मेळावा. तो हवा असेल तर नाटो आहेच. वैरी त्यात येणार नाही, कारण येण्याचे एकमेव कारण आपल्याविरुद्ध काही लादले जाणार नाही ही खात्री हेच असते.

भारतीयांना या अवघड जागेचा अनुभव नवा नाही, फक्त आपण तो विसरलो आहोत. जुलै १९५३ मध्ये कोरियात शस्त्रसंधी झाला तो कैद्यांच्या प्रश्नावर सुमारे दीड वर्ष घोळ घालून. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांचे काय करायचे? हे संयुक्त राष्ट्रांवर सोपवता येईना, कारण तिथे संयुक्त राष्ट्रांचा झेंडा घेऊनच एक बाजू लढत होती. म्हणून स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत अशा पाच देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष भारताचे जनरल थिमय्या. प्रत्यक्ष पहारा द्यायला गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतावर इतके खवळलेले होते की आमच्या जमिनीवर भारतीय जवानाचे पाऊल पडता कामा नये, असे त्यांनी बजावले. मग आपल्या जवानांना इंचॉनच्या बंदरातून थेट हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. बावीस हजारांवर कैदी, त्यांच्यात आपसांत खुनाखुनी, आणि एका बाजूला अमेरिका तर दुसऱ्या बाजूला चीन, दोघांनाही भारत समोरच्याला झुकते माप देतो असा संशय. जानेवारी १९५४ मध्ये थिमय्यांनी कैदी ज्यांनी सोपवले होते त्यांनाच परत केले, तेव्हा कुणीच खूश नव्हते. ना इकडे ना तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या ८८ जणांना शेवटी भारतात आणावे लागले. पण ज्या एका गाठीमुळे लढाई लांबली होती ती सुटली. कोरियात शांततेचा करार आजतागायत झालेला नाही. शस्त्रसंधी मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

आता आपल्या अंगणातले. तिसऱ्याची मध्यस्थी नको ही भारताची भूमिका सिमला करारापासूनची आहे आणि माझ्या मते ती योग्यच आहे. मध्यस्थ आला की दुबळी बाजू मध्यस्थाशीच वाटाघाटी करू लागते. पण मध्यस्थी आणि माहितीची देवाणघेवाण यांची आपण गल्लत करतो. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या वर्षानंतरही दिल्या, पुलवामानंतरही दिल्या. हे चांगलेच आहे. दुसरीकडे, ९ मार्च २०२२ ला आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडले. तांत्रिक बिघाडाची जाहीर कबुली आली ती ११ तारखेला. क्षेपणास्त्र चाचण्यांची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे, हे क्रूझ होते. म्हणजे नियम जिथे संपतो नेमक्या तिथेच अपघात झाला. पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. नियमाची ती फट मात्र कुणी बुजवली नाही.

शांघाय सहकार्य संघटनेत भारत-पाकिस्तान २०१७ पासून एकत्र आहेत. जून २०२५ मध्ये चिंगदावला संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत संयुक्त निवेदनात पहलगामचा उल्लेख नव्हता, तेव्हा राजनाथ सिंह यांनी सही केली नाही आणि निवेदनच निघाले नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याच संघटनेच्या तियानजिन जाहीरनाम्यात पहलगामच्या हल्ल्याचा निषेध आला. पाकिस्तान खोलीत होता, चीन यजमान होता. पहलगामनंतर आपण तिथून उठून गेलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या, तो परिच्छेद मिळाला नसता. पाकिस्तान त्यामुळे सुधारला असे नाही. पण पुढच्या वेळी दाखवायला त्याच्याच सहमतीचा एक कागद आपल्याकडे आहे.

युक्रेनमध्ये कधीतरी शस्त्रसंधी होईल. आघाडीची रेषा आता हजार किलोमीटरच्या वर गेली आहे. तिच्यावर नजर ठेवायला नाटोचे सैनिक रशियाला चालणार नाहीत, रशियाच्या मित्रांचे युक्रेनला चालणार नाहीत. २०२४ च्या जुलैत मॉस्कोला आणि ऑगस्टमध्ये कीव्हला जाऊन आलेल्या पंतप्रधानांच्या देशाला विचारणा होण्याची शक्यता बरीच आहे. विचारले तर भारताने हो म्हणावे, पण डोनबासचे अहवाल वाचून. कागदावर लढणाऱ्या दोन्ही देशांची नावे ‘पक्ष’ म्हणूनच हवीत. शस्त्रे येण्याच्या सर्व रस्त्यांवर निरीक्षकांना जाता आले पाहिजे, दोन चौक्यांवर नव्हे. मोहिमेतल्या स्थानिक कर्मचाऱ्यांना संरक्षणाची लेखी हमी हवी. आणि मुदतवाढीची अट उलटी हवी: मोहीम चालू ठेवायला सर्वांची संमती लागू नये, बंद करायला लागावी. रशिया या शेवटच्या अटीला सहजी मान्यता देणार नाही. तिथे त्याच्याकडून गेली काही वर्षे तेल घेणाऱ्या देशाच्या शब्दाला युरोपातल्या कुणापेक्षाही जास्त वजन आहे, आणि ते वजन खर्च करायची दिल्लीची तयारी आहे का, हे मला अजून दिसलेले नाही.